एटना आणि शेजारधर्म



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय सुचवला होता तो 'कामगार चळवळीपुढील आजचे प्रश्न' हा. विषय चांगला आहे. परंतु त्यावर आम्ही वर्षाचे बारा महिने कारखान्यांच्या फाटकांवर बोलत असतो, आणि तिथे ऐकणाऱ्याला पाळी गाठायची घाई असल्यामुळे आमचे भाषण दहा मिनिटांत आवरते. इथे आपण तासभर शांतपणे ऐकणार. अशी संधी आम्हांला क्वचित मिळते. म्हणून आम्ही चालकांना उलट विनंती केली, की आम्हांला एका डोंगराविषयी बोलू द्या. त्यांनी जराशा साशंक मुद्रेने संमती दिली. डोंगर अर्थात साधा नाही. तो आग ओकतो. आणि शेवटी तो आम्हांला आमच्याच फाटकावर आणून सोडतो, हे आपल्या ध्यानात येईलच.

आणखी एक खुलासा. आज आम्ही 'आम्ही' म्हणतो तो पुढारीपणाचा 'आम्ही' नव्हे. आम्ही म्हणजे नवराबायको, दोघे जण. इटलीत सिसिली नावाचे मोठे बेट आहे. तिथल्या कातानिया शहरी कामगारांच्या सुरक्षिततेविषयी एक बैठक होती. तिला आम्हांला बोलावणे आले. आमचे तिकीट बोलावणाऱ्यांनी काढले. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांचे स्वतःचे काढले, नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून साठवलेल्या पैशांतून. हे मुद्दाम सांगतो, कारण कामगारांचा कार्यकर्ता परदेशी सहल करून आला म्हटले की प्रथम हिशेब विचारला जातो, आणि तो विचारला जावा हेच योग्य.

बैठक शुक्रवारी संपली. परतीचे विमान सोमवारचे. मधले दोन दिवस मोकळे. आम्ही एक लहान मोटार भाड्याने घेतली. मोटार चालवली ती सौभाग्यवतींनी. आमचे शिक्षण जसे सातवीपाशी थांबले तसे वाहन चालवण्याचे सायकलीपाशी. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते, म्हणून पहिला तासभर आम्ही शेजारी बसून "उजवीकडे, उजवीकडे" असा घोष करीत होतो. "अहो, जन्मभर लोकांना डावीकडे बोलावलेत, आता तरी गप्प बसा," असे आम्हांला ऐकून घ्यावे लागले.

पहिल्या दिवशी डोंगर आणि दुसऱ्या दिवशी समुद्र, असा बेत होता. अंतर म्हणाल तर सगळे मिळून शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पण तेवढ्यात तीन हजार मीटरांहून उंच बर्फाळ माथ्यापासून कोळ्यांच्या होड्यांपर्यंत सारे काही येते.

एटना हा युरोपातला एक अत्यंत जागता ज्वालामुखी. त्याची उंची तेहेतीसशे मीटरांच्या वर. नेमका आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक उद्रेकात माथा काही ठिकाणी वाढतो, काही ठिकाणी ढासळतो. भारतात आज जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा, आणि तिथे माणसांची वस्ती नाही. एटनाचे तसे नाही. त्याच्या पायथ्याशी एकट्या कातानियात सुमारे तीन लाख माणसे राहतात आणि उतारांवर गावांची माळच लागली आहे. आकाशातून राख पडू लागली की कातानियाचे विमानतळ बंद ठेवावे लागते, आणि रस्त्यावर राखेचा थर साचून चाके घसरतात म्हणून दुचाकींना मनाई होते. लोक छत्री उघडून राखेतून बाजाराला जातात. आपल्याकडे पावसाळा, तशी त्यांच्याकडे राख.

मग ही माणसे तिथे राहतात कशाला? हा प्रश्न आम्हांलाही पडला होता. उत्तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. द्राक्षांचे मळे, संत्र्यांच्या बागा, वर चेस्टनटची झाडे. पश्चिम उतारावरच्या ब्रोन्ते गावचे पिस्ते साऱ्या इटलीत नावाजलेले आहेत. ज्वालामुखीचा खडक कुजून झालेली माती सुपीक असते, हे आपल्या काळ्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला सांगायला नको. एक चढण चढून आम्ही गाडीबाहेर आलो, तेव्हा सौभाग्यवतींनी एक काळा धोंडा उचलून न्याहाळला आणि म्हणाल्या, "हा तर आपल्या कसारा घाटातला दगड!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपला सह्याद्रीसुद्धा थिजलेल्या शिलारसाच्या थरांवर थर चढून झाला आहे. फरक एवढाच की आपली आग सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी विझली, आणि यांची अजून चुलीवर आहे. पूर्वी याच डोंगरावरच्या गुहांत हिवाळ्याचे बर्फ साठवून उन्हाळ्यात खाली नेऊन विकत, ते थेट माल्टापर्यंत जाई. ते बर्फ खेचरांवर लादणाऱ्या हमालांची आठवण आज कोणी काढत नाही. परंतु कातानियात सकाळी न्याहारीला पावाबरोबर जो बर्फाचा गोड किस खातात, तो आपल्या गोळ्याचा थोरला भाऊ, त्याच्या मागे त्यांचे कष्ट आहेत.

कातानियाहून निघाले की पंधराएक किलोमीटरांवर निकोलोसी हे गाव लागते. गावाजवळ तांबूस मातीच्या दोन टेकड्या आहेत. त्यांना 'मोन्ती रोस्सी' म्हणजे तांबड्या टेकड्या म्हणतात. १६६९ सालच्या मार्चच्या आरंभी या टेकड्या नव्हत्याच. ११ मार्च १६६९ रोजी तिथे जमीन फाटली, शिलारस वाहू लागला, उडालेल्या राखेचे आणि खडीचे ढीग होऊन या टेकड्या झाल्या, आणि तो उद्रेक थेट जुलैपर्यंत चालला. कैक गावे गाडली गेली. पुष्कळ पुस्तकांत त्या उद्रेकात वीस हजार माणसे मेली असे छापलेले आढळते. त्या काळच्या कागदपत्रांत त्याला आधार नाही, असे आजचे अभ्यासक सांगतात. आणि त्यात नवल नाही. एटनाचा शिलारस सहसा माणसाला धावून गाठत नाही. तो चालतो. घरे, शेते, विहिरी गिळत सावकाश चालतो, आणि माणसाला आपले सर्वस्व जाताना उभ्या डोळ्यांनी पाहावे लागते.

हा शिलारस चालतो कसा, हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर आहे. तो बाहेर पडतो तेव्हा त्याची उष्णता हजार अंशांच्या वर असते. वाहताना त्याच्या दोन्ही कडा प्रथम थिजतात आणि त्यांचेच बांध होतात. पुढे वरही साय धरते, जशी तापलेल्या दुधावर धरते, आणि सायीखाली आतला रस ऊन राहून लांबवर जातो. म्हणजे हा एक आगीचा पाटच झाला. आणि ज्याने उसाला पाणी देताना रात्री दारे धरली आहेत, त्याला पुढचे सांगावे लागत नाही. पाटाचा बांध वरच्या अंगाला फोडला, की पाणी दुसऱ्याच्या वावरात जाते.

कातानियाच्या माणसांना हे १६६९ सालीच उमगले. दिएगो पाप्पालार्दो नावाचा एक गृहस्थ सुमारे पन्नास माणसे घेऊन डोंगर चढला. भाजू नये म्हणून त्यांनी गुरांची ओली कातडी अंगावर घेतली होती. हातांत लोखंडी पहारी आणि टिकाव. प्रवाहाच्या कडेचा थिजलेला बांध त्यांनी त्या धगीत फोडला. आणि खरोखरच रस बाजूला वाहू लागला, शहराकडे जाणारा प्रवाह मंदावला. जगाच्या इतिहासात माणसाने ज्वालामुखीच्या प्रवाहाला वळण लावल्याची ही पहिली नोंद मानतात. पन्नास साध्या माणसांनी पहारीने हे केले. त्यांना आमचा सलाम.

परंतु नवा पाट निघाला तो पातेर्नो गावाच्या दिशेने. पातेर्नोच्या लोकांनी ते पाहिले आणि सुमारे पाचशे माणसे हत्यारे घेऊन चालून आली. पाप्पालार्दोच्या माणसांना काम टाकून पळावे लागले. फोडलेली कड आपोआप बुजली आणि रस पुन्हा पहिल्या वाटेला लागला. एप्रिलात तो कातानियाच्या तटाला भिडला. तटाने काही दिवस धीर धरला. मग रस तटाला वळसा घालून समुद्रात गेला, आणि काही जागी तटावरून आत उतरला. शहराचा पश्चिम भाग त्याखाली गेला.

ही गोष्ट आम्ही दोघांनी रस्त्याकडेच्या एका कठड्यावर बसून बोलून घेतली, आणि आमचे मतभेद झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "पाप्पालार्दोचे काय चुकले? घराला आग लागल्यावर माणूस पाणी ओतणार की शेजाऱ्याला विचारायला जाणार?" आम्ही म्हणालो, "तो पाणी ओतत नव्हता, निखारे शेजारच्या अंगणात लोटत होता." त्यावर त्यांनी विचारले, "मग शहर बुडू द्यायचे होते?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कातानियाकर बरोबर होते. पातेर्नोकरही बरोबर होते. दोन्ही बाजू बरोबर असताना हत्यारे निघाली, हीच त्या गोष्टीतली खरी आपत्ती. डोंगराने घरे जाळली ती जाळलीच. पण त्या दिवशी पाहावयास तिसरा कोणी नव्हता, दोघांचे ऐकून घेणारी जागा नव्हती, आणि आधी ठरलेला कोणताही रिवाज नव्हता.

निकोलोसीहून रस्ता वळणे घेत वर जातो. झाडे विरळ होतात, मग नाहीशीच होतात, आणि दोन्ही बाजूंना काळ्या खडीचा समुद्र पसरतो. सुमारे एकोणीसशे मीटरांवर 'सापिएन्झा' नावाचे विश्रामगृह आहे. तिथपर्यंत मोटार जाते. पुढे तारेवरच्या पाळण्यातून जावे लागते. जवळच १८९२ सालच्या उद्रेकाने झालेली 'सिल्व्हेस्त्री' नावाची थंड विवरे आहेत. त्यांच्या कडेवरून शाळकरी पोरेसुद्धा फिरत होती. वर माथ्यावर पांढरा धूर होता. तो डोंगर निजलेला नाही, हे तिथली माणसे विसरत नाहीत. २ जून २०२५ रोजी माथ्यावरच्या आग्नेय विवराची कड ढासळली, तप्त राखेचा लोट खाली आला आणि सहलीला आलेल्या माणसांना पळ काढावा लागला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

तिथून पूर्वेकडच्या उताराने झाफेराना एत्नेया या गावाकडे उतरताना रस्त्यालगत एक घर दिसते. म्हणजे त्याचे छप्पर दिसते. बाकीचे घर दगडात आहे. आम्ही गाडी थांबवली. पुष्कळ लोक तिथे उभे राहून छायाचित्रे काढीत होते. आमच्याने ते झाले नाही. कोणाचे तरी देवघर, चूल, पाळणा त्या दगडाखाली असेल, एवढेच मनात आले.

झाफेराना हे मधासाठी प्रसिद्ध असलेले सुमारे दहा हजार वस्तीचे गाव. १४ डिसेंबर १९९१ रोजी एटना फुटला. प्रवाह 'व्हाल्ले देल बोव्हे', म्हणजे बैलाची दरी, या ओसाड खोऱ्यातून झाफेरानाच्या दिशेने निघाला. तो उद्रेक १९९३ सालच्या मार्चपर्यंत, म्हणजे चारशे सत्तरहून अधिक दिवस चालला. जानेवारी १९९२ मध्ये गावाच्या वरच्या अंगाला माती-दगडांचा एक बांध घातला गेला. लांबी २३४ मीटर, उंची २१ मीटर. त्या बांधाने प्रवाह अडवून धरला, परंतु एप्रिलात रस भरून बांधावरून ओसंडला. मग खाली आणखी लहान बांध. वर हेलिकॉप्टरांतून सिमेंटचे ठोकळे टाकून पाट तुंबवण्याचा प्रयत्न. हे सारे वेळ मिळवण्यासाठी. गावाबाहेरच्या काही बागा आणि एखाददुसरे घर गेले. गाव सोडावे लागणाऱ्या एका शेतकऱ्याने घरातल्या मेजावर पाव आणि दारूची बाटली मांडून ठेवली, दमूनभागून येणाऱ्या पाहुण्यासाठी, अशी हकीकत त्या वेळी वर्तमानपत्रांत आली होती. आलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवू नये, हा धर्म तिकडेही आहे.

शेवटी २७ मे १९९२ रोजी काय केले? पाप्पालार्दोने केले तेच. फ्रांको बार्बेरी या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, मूळ पाटाची कड यंत्रांनी तासून तासून तीन मीटर जाडीची केली, बाजूला आधीच एक नवा पाट खणून ठेवला, आणि सात हजार किलो स्फोटकांनी ती कड उडवली. रस नव्या पाटाला लागला. दोन-तीन दिवसांत सगळा प्रवाह वळला, आणि खालचा पाट गावापासून किलोमीटरभराच्या आत थिजून उभा राहिला. तो आम्ही पाहिला. त्याच्या टोकाशी माउलीची मूर्ती आहे आणि लोक तिथे फुले वाहतात. १६६९ साली कातानियाच्या लोकांनीही संत आगाताचे वस्त्र आगीसमोर नेले होते. आम्हांला त्यात विरोध दिसला नाही. ज्यांनी फुले वाहिली त्यांच्याच पोरांनी खोदाईची यंत्रे चालवली असतील. पुस्तकांत शास्त्रज्ञांचे नाव सहज सापडते. तापलेल्या खडकाजवळ यंत्र चालवणाऱ्यांची नावे शोधावी लागतात. आम्ही आमच्या धंद्याच्या सवयीने शोधली, सापडली नाहीत.

आता विचार करा. युक्ती तीच, डोंगर तोच. मग १६६९ साली हत्यारे का निघाली आणि १९९२ साली का नाही? स्फोटके पहारीपेक्षा जोरदार, हे उत्तर पुरत नाही. पहिले कारण असे की वळवलेला रस कोणाच्या गावावर गेला नाही. तो वर, बैलाच्या ओसाड दरीत, आधीच जळून गेलेल्या जागेवर परत सोडला. म्हणजे वळण लावण्याची जागा गावाजवळ न घेता, कठीण असली तरी उंचावर घेतली. दुसरे कारण असे की निर्णय झाफेरानाच्या गावकऱ्यांनी एकट्याने घेतला नाही आणि दुसऱ्या गावानेही नाही. दोघांच्या वर असलेल्या, दोघांना उत्तर देण्यास बांधलेल्या यंत्रणेने घेतला. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला इटलीने नागरी संरक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था उभारणारा कायदा केला होता. पुढे २०१८ साली त्याच्या जागी नवी संहिता आली. तिसरे कारण असे की शिलारस कुठून, किती, कसा चालला आहे याची मोजणी रोजच्या रोज होत होती. भीती होती, पण ती आंधळी नव्हती.

कोणी म्हणेल, झाफेरानाच्या वर ओसाड दरी होती म्हणून बरे झाले. जिथे चारी बाजूंना वस्ती आहे तिथे काय करणार? प्रश्न रास्त आहे. सगळीकडे बैलाची दरी मिळत नाही. जिथे ती मिळत नाही तिथे कोणाचे तरी नुकसान होणारच. पण मग ते कोणाचे होणार हे रात्रीच्या अंधारात पहारीने ठरवायचे, की दिवसाढवळ्या सर्वांना एकत्र बसवून, ज्याचे जाईल त्याला भरून देण्याचे वचन आधी देऊन ठरवायचे? आमच्या मते सुधारणा सुधारणा म्हणतात ती एवढीच. डोंगराला कोणी थांबवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रावर उतरलो. कातानियाच्या उत्तरेला दहा किलोमीटरांवर आची त्रेझ्झा नावाचे कोळीवाड्याचे गाव आहे. समुद्रातून काळे सुळके उभे आहेत. आंधळ्या केलेल्या एकाक्ष राक्षसाने पळून जाणाऱ्या युलिसीझच्या जहाजावर हे खडक फेकले, अशी ग्रीकांची दंतकथा. भूगर्भशास्त्र सांगते, की सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी एटनाच्या पूर्वजाने समुद्राच्या तळाशी ओकलेला हा शिलारस. पलीकडे आची कास्तेल्लोचा जुना किल्ला उभा आहे, तोही तशाच खडकावर. पाण्यात थिजल्यामुळे त्या खडकाचे गोल उशांसारखे ढीग झालेले दिसतात. म्हणजे आग आणि पाणी यांचे भांडण तिथे दगडातच कोरून ठेवले आहे.

परंतु आमचे तिथे जाण्याचे कारण दुसरे होते. जोव्हान्नी व्हेर्गा या कादंबरीकाराने १८८१ साली या गावच्या एका कोळी कुटुंबावर 'इ मालाव्होल्या' ही कादंबरी लिहिली. उधारीवर घेतलेला माल घेऊन होडी बुडते, कर्त्या मुलाचा जीव जातो, कर्ज मात्र तरंगत राहते, आणि राहते घर जाते. हे वाचताना आपल्याला सावकार ओळखीचा वाटतो. याच कादंबरीच्या आधारे लुकिनो व्हिस्कोंती या दिग्दर्शकाने १९४८ साली 'ला तेर्रा त्रेमा' हा चित्रपट काढला. त्यात एकही धंदेवाईक नट नाही. आची त्रेझ्झाच्या कोळ्यांनीच, आपल्याच बोलीत, आपलेच जिणे करून दाखवले आहे. त्यातला तरुण अंतोनी मासळीच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या भावाला कंटाळतो. घर गहाण टाकतो, स्वतःची मासळी स्वतः विकायची असे ठरवतो. शूर आहे, हुशार आहे, त्याचे म्हणणेही खरे आहे. परंतु बाकीचे कोळी त्याच्याबरोबर येत नाहीत. एका वादळात होडी फुटते, आणि शेवटी त्याला त्याच व्यापाऱ्यांच्या दारात, त्यांच्या टोमण्यांखाली, मजुरीला उभे राहावे लागते.

आम्ही बंदराच्या कठड्यावर बसलो होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "पाप्पालार्दो आणि अंतोनी, दोघे भाऊच की हो." आम्हांला ते एकदम पटले. एकाने स्वतःचे शहर वाचवायला शेजारी धोक्यात घातला. दुसऱ्याने स्वतःचे घर धोक्यात घातले आणि शेजारी आला नाही. दोघांपाशी धैर्य होते. दोघांपाशी शेजारी नव्हता.

संध्याकाळी कातानियात परतलो. त्या शहराचा नशीबयोग असा, की १६६९ च्या आगीनंतर चोवीस वर्षांनी, ११ जानेवारी १६९३ रोजी, भूकंपाने ते जमीनदोस्त झाले. लोकांनी ते पुन्हा बांधले, आणि बांधले ते त्याच काळ्या दगडाने. रस्त्यांच्या फरशा त्याच दगडाच्या, चौकातला हत्ती त्याच दगडाचा. कास्तेल्लो उर्सीनो हा तेराव्या शतकातला किल्ला पूर्वी समुद्राकाठी होता. १६६९ च्या शिलारसाने त्याला वेढा घातला, खंदक भरून टाकला आणि समुद्रच मागे लोटला. आज तो किल्ला घरांच्या गर्दीत, पाण्यापासून दूर उभा आहे. समुद्रावर पहारा करणारा शिपाई बाजारपेठेत हरवावा, तसा.

याच शहरात १ मे १८९१ रोजी जुझेप्पे दे फेलीचे जुफ्रिदा यांनी कामगारांचा 'फाशो' स्थापन केला. फाशो म्हणजे मोळी. एक काटकी मोडते, मोळी मोडत नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे. दोन वर्षांत अशा मोळ्या बेटभर झाल्या. शेतमजूर आले, गंधकाच्या खाणींतले मजूर आले, बायाही आल्या. १८९४ च्या जानेवारीत सरकारने लष्करी कायदा पुकारून ही चळवळ मोडली. पुढे १९१९ नंतर मुसोलिनीने हाच शब्द पळवला आणि त्याचा जगाला वीट आला. पण शब्द चोरीला गेला म्हणून मूळ मालकाला विसरू नये.

आता आम्ही आमच्या फाटकावर येतो. आपल्याकडे ज्वालामुखी नाही. परंतु आग आहे आणि पाणीही आहे. कृष्णा-पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. दर वेळी वरच्यांनी आणि खालच्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले, की तुम्ही पाणी सोडले म्हणून आम्ही बुडालो, तुम्ही अडवले म्हणून आम्ही बुडालो. कातानिया आणि पातेर्नो यांच्यासारखेच दोघेही आपापल्या जागी खरे. हे भांडण पाणी गळ्याशी आल्यावर मिटत नाही. ते उन्हाळ्यात, नदी कोरडी असताना, आकडे समोर ठेवून मिटवायचे असते.

आणि कारखान्यांतही तेच. मंदीचा, छाटणीचा, अपघाताचा लोट वरून येतो. कायम कामगारांची संघटना मजबूत असली तर ती बांध घालते, आणि तो तिने घातलाच पाहिजे. परंतु लोट तिथे थांबत नाही. तो कंत्राटी कामगाराच्या झोपडीकडे वळतो. धोक्याचे यंत्र त्याच्या हाती येते, रात्रपाळी त्याच्या वाट्याला येते. मालकाचे काही बिघडत नाही, कारण दोन गावे एकमेकांवर हत्यारे उगारून उभी असतात. अशा वेळी आम्हांला कोणी म्हणतो, "आपले तर वाचले ना?" त्याला आमचे उत्तर एवढेच आहे, की फोडलेली कड बुजते आणि रस पुन्हा जुन्या वाटेने येतो. शेजाऱ्याच्या अंगणात लोटलेला निखारा उद्या आपल्याच पेंढीला लागतो. म्हणून कायम आणि कंत्राटी यांची मोळी एक असली पाहिजे, आणि लोट वळवायचा तर वर, उगमापाशी, नफ्याच्या ओसाड दरीत वळवला पाहिजे. तिथे कोणाचे घर बुडत नाही.

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कुठल्या प्रसंगावरून केली ते इतिहास सांगत नाही. परंतु तिच्यात 'गाव' शब्दाचा अर्थ आपली आळी एवढाच घेतला तर ती म्हण पाप्पालार्दोची होते. वरचा, खालचा, पलीकडच्या काठचा, सगळ्यांना धरून 'गाव' म्हटले, तरच ती खरी ठरते. एटनाच्या उतारावरच्या माणसांना हे शिकायला तीनशे तेवीस वर्षे लागली. आपल्याला इतका अवधी मिळेल असे आम्हांला वाटत नाही.